तीन हात निळा रंग

"घर्र... घर्र... घ..." पिकअपने पुन्हा मान टाकली आणि पेंटरने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. दारात उभ्या असलेल्या बायकोने कमरेवरचे हात काही खाली घेतले नाहीत.

"चार वाजता भंगारवाला येतोय," ती म्हणाली. "एका चावीत सुरू झाली तर राहील, नाहीतर जाईल. महिना झाला हिचं कण्हणं ऐकतेय मी!"

पेंटरने झटकन डोकं वर केलं. लग्नाआधीपासूनची गाडी. शिड्या, डबे, सासूबाईंचं कपाट, सगळं तिनेच वाहिलेलं. ती कुणी तोडून वजनावर विकायची? छे! त्याने ताबडतोब मेहुण्याला फोन लावला.

मेहुण्याचा धंदा पंपांच्या मोटारी दुरुस्त करण्याचा, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. "बॅटरी, भावजी. डोळे मिटून सांगतो," म्हणत त्याने येतानाच नवी बॅटरी आणली. ती बसवली. चावी फिरवली. घर्र... घर्र...

"मग स्टार्टर गेलाय!"

झालं. स्टार्टर उतरवून फरशीवर ठेवला आणि मेहुण्याने त्याला वायरी टेकवल्या. स्टार्टर असा उधळला, की टुणकन उडून थेट पांढऱ्या रंगाच्या उघड्या डब्यावर आदळला.

"स्टार्टर ठणठणीत आहे," मेहुणा पांढऱ्या तोंडाने म्हणाला.

चार वाजत आलेले. स्टार्टर कसाबसा परत बसवला. शेवटचा उपाय म्हणून मेहुण्याने आपल्या गाडीच्या बॅटरीवरून जम्परच्या वायरी ओढल्या. हात रंगाने बुळबुळीत. लाल चिमटा बसला, पण काळा काही केल्या बॅटरीवर बसेना. वैतागून त्याने तो इंजिनच्या लोखंडालाच लावून टाकला.

पेंटरने चावी फिरवली मात्र, गाडी गर्जना करत सुरू झाली!

"बघा, बॅटरीच होती!"

"अरे, बॅटरी तर तू आत्ताच नवी घातलीस!" पेंटर गाडी बंद करून उडी मारत खाली उतरला. "चिमटा इंजिनला लागला आणि जमलं. म्हणजे करंट परत येतानाच कुठेतरी अडतोय!"

त्याने बॉनेटमध्ये डोकं खुपसलं. बॅटरीची काळी वायर चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे वायरीच्या टोकाखाली चकचकीत निळा रंग होता. महिन्यापूर्वी त्याने एकूण एक बोल्ट काढून गाडी रंगवली होती.

"भावजी, रंगातून करंट जातो होय?"

"तीन हात दिलेत," पेंटर म्हणाला. लाज वाटत होती, पण काम सुबक झालं होतं हेही खरंच.

पॉलिश पेपर घेऊन तो त्या जागेवर तुटून पडला. लोखंड लखलखलं, बोल्ट आवळला गेला, जम्पर निघाला. चार वाजून गेले तरी भंगारवाल्याचा पत्ता नव्हता. बायको मात्र हजर झाली.

"एका चावीत," तिने आठवण करून दिली.

पेंटरने श्वास रोखून चावी फिरवली. धडाड! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मेहुणा आनंदाने नाचला आणि फरशीभर पांढरी पावलं उमटली. बायकोलाही हसू आवरेना. "राहू दे बाई," ती म्हणाली. पेंटरला तर बॉनेटचा मुका घ्यावासा वाटला.

तेवढ्यात घाम पुसत, चक्क पायी चालत भंगारवाला आला.

"उशीर झाला, वहिनी. माझा टेम्पोच सुरू होईना! बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, तरी नुसतं घर्र घर्र. आणि आत्ताच तर पेंटरांकडून रंगवून नेलाय हो. काय काम केलंय! एक बोल्ट म्हणून सोडला नाही!"

पेंटरने पॉलिश पेपर हळूच पाठीमागे लपवला. बायकोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग निळ्या पिकअपकडे.

"अहो," तिने आवाज खाली आणत विचारलं, "या मोसमात अशा किती गाड्या रंगवल्यात तुम्ही?"

पेंटर बोटांवर मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली, तेव्हा त्याने मेहुण्याचा हात धरला.