मागच्या चाकावरचा संशय

राजुऱ्यात आमच्या गल्लीत कुणी मोटारसायकल उभी करून आत गेलं, की थोड्या वेळात देवाजीभाऊ तिच्या मागे उकिडवे बसलेले दिसतात. दोन्ही हातांनी मागचं चाक धरायचं, डावीउजवीकडे हलवायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. मालक बाहेर आला, की त्याच्याकडे असं पाहायचं की आपण ही गाडी चोरून तर आणली नाही ना, अशी त्यालाच शंका यावी.

"मांगं गडबड हाय," एवढंच म्हणतात.

देवाजीभाऊ माझे शेजारी. कोळशाच्या खाणीत फिटर होते, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ते आणि त्यांची मुलगी मित्रा, जी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मेकॅनिक तर सोडाच, दुधात पाणी घालत नाही म्हणणाऱ्या दूधवाल्यावरही त्यांचा विश्वास नाही. "समोरचं कोनालेबी दिसते मास्तर, गडबड मांगंच असते," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. एकदा एका मयताच्या जलदान विधीला आत बुद्धवंदना चालू होती आणि हे बाहेर ओळीनं गाड्या हलवत होते. मग जेवणाच्या पंगतीत ज्याला त्याला त्याच्या चाकाचा निकाल सांगितला. दुःखाच्या घरी लोकांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

हा संशय मित्राच्या लग्नापर्यंत पोचला तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली. मुलगी पाहायला मुलगा आला, की देवाजीभाऊ आधी त्याची गाडी पाहत. एकाची चेन बोटानं मागे ओढली तर खालच्या चक्रीचा निम्मा दाता उघडा पडला. चेन ताणून लांब झाली होती आणि त्याला पत्ताच नव्हता, म्हणून तो बाद. दुसऱ्याचं कपलिंग रबर झिजलेलं, गिअर टाकला की गाडी झटका द्यायची. "माह्या पोरीनं जन्मभर झटके खावं काय?" असं विचारून त्याला चहावरच वाटेला लावलं. मित्रा नुसती हसायची. तिलाही ते पसंत नसावेत.

मग एक दिवस तीच म्हणाली, "बाबा, रविवारी गोंडपिपरीहून एक जन येनार हाय. त्याले मीच पसंत केला."

देवाजीभाऊंनी मान डोलावली आणि मला बोलावणं धाडलं. रविवारी गेलो तर त्यांच्या खिशातून पान्याचं टोक डोकावत होतं. मला डावाचा वास आला. गाडीत ढिलाई सापडली नाही, तर हा माणूस ती स्वतः तयार करेल! मी ठरवलं, नजर खिशावरून हटवायची नाही.

मुलगा आला. दवाखान्यात औषधं देण्याचं काम करतो. जयभीम करून तो आत बसला आणि देवाजीभाऊ बाहेर सटकले. त्यांच्या मागे मी. त्यांनी चाक हलवलं, हललं नाही. चेन ओढली, दाता दिसला नाही. गिअर टाकून गाडी मागेपुढे केली, झटका नाही.

"हेच तं गडबड हाय," ते पुटपुटले. "गोंडपिपरीचा तो रस्ता, ते ट्रक, अन् गाडीले काईच नाई? कोनीतरी तयार करून देल्ली."

त्यांचा हात खिशाकडे गेला. मी खाकरलो. पण ते खाली वाकले आणि तसेच थांबले. मागच्या चाकाचा नट सुटू नये म्हणून त्यात एक बारीक पिन आडवी घालतात. तिची टोकं मेकॅनिक कशीही वाकवून सोडतात. इथे ती कापून आत दाबलेली होती. देवाजीभाऊंनी पिनेवरून अंगठा फिरवला.

"असं टोक दाबलं तं पुसतानी हात फाटत नाई," ते म्हणाले. "मित्रा शाळेत होती, तवा म्याच शिकवलं तिले. मास्तर, हे माह्या पोरीचं काम हाय."

खिशातला हात रिकामाच बाहेर आला. मला एकदम त्यांची दया आली. इतकी वर्षं हा माणूस लोकांच्या गाड्यांत ढिलाई शोधत नव्हता, पोरगी घरात ठेवायला कारण शोधत होता. आणि पोरीनं ते ओळखून एकेक कारण घट्ट आवळून टाकलं होतं.

"आता नाई कसं म्हनू?" त्यांनी विचारलं. मी दाराकडे हात केला.

आत मित्रा चहा घेऊन उभी होती. तिच्या नखांत काळं ग्रीस होतं. देवाजीभाऊंनी ते पाहिलं आणि कप घेतला. मुलगा घाईनं उठून उभा राहिला.

"बस. गाडी बरोबर हाय," देवाजीभाऊ म्हणाले. "पन तो रस्ता खराब. दर रविवारी चेन पाहा लागते. इथीच आनत जा."

मग कपात पाहत हळूच म्हणाले, "तिलेबी आनत जा."