कोड कोणालाही सांगायचा नाही!

"रिफंड? महिन्याभरात खात्यात! लिहून ठेव!" चहाचा कप बशीवर आपटत सावधानरावांनी जाहीर केलं.

सावधानराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बिस्किटांच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. दिवसातून शंभरदा "सावधान!" म्हणून ओरडायचे, तेव्हा कामगारांनी त्यांचं बारसंच करून टाकलं. घरी आले तरी त्यांची नोकरी सुटायची नाही. बायकोने पंखा लावला की आधी बटणाला हात लावून बघायचे, मग पंख्याकडे, मग बायकोकडे!

त्या वर्षी कारखान्याने त्यांच्या पगारातून गरजेपेक्षा बराच जास्त कर कापून घेतला होता. तो परत मिळवायचा तर प्राप्तिकराचं रिटर्न भरायला हवं. दरवर्षी एक कर सल्लागार ते भरून द्यायचा. यंदा सावधानरावांनी त्याला रजा दिली.

"चार रकाने भरायचे आणि बटण दाबायचं! त्याला फी कशाला?"

"नीट भराल ना?" बायकोने विचारलं.

तिचा जीव त्या पैशांत अडकला होता. ती घरीच लोकांचे कपडे बेतून, उसवून, आखूड-लांब करून द्यायची. जेवायच्या टेबलावर मशीन, आणि जेवण मांडीवर! इमारतीच्या तळमजल्यावर म्हातारे कुलूपवाले काका आपला गाळा रिकामा करून भाड्याने देणार होते. त्यांना ही कामसू बाई आवडायची. "महिने काही का लागेनात, तुझ्यासाठी थांबतो," ते म्हणाले होते. गाळ्याची अनामत बरोबर रिफंडाएवढी होती. तो आला की तिचं स्वतःचं दुकान होणार होतं.

महिना गेला. दुसरा गेला. कारखान्यातल्या भट्टीवाल्याचा रिफंड आला, पॅकिंगवालीचा आला, रजेवर असलेल्या ड्रायव्हरचासुद्धा आला!

"आपला मोठा आहे ना. मोठ्या रकमेला वेळ लागतो," सावधानराव म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात ते म्हणाले, "आता तपासणी कसून चालली असणार. चांगलं लक्षण आहे!"

चौथ्या महिन्यात त्यांनी सरकारला शिव्या घातल्या. पाचव्यात ते विषयच टाळू लागले. आणि एके दिवशी बायको खालून पाय आपटत वर आली.

"फोनची कव्हरं विकणारा एक जण गाळा बघून गेलाय. रोख अनामत देतोय! काकांनी तरी किती थांबायचं? या महिनाअखेरीस ते चावी देणार, मला नाहीतर त्याला!"

"येईल गं रिफंड..."

"आपल्या पायांनी येणार नाही! तुमचे पाय हलवा. त्या करदाता मदत केंद्रात जा आणि विचारा!"

असं करता करता महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सावधानरावांनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चढवले आणि सरकारची खरडपट्टी काढायची भाषणं पुटपुटत ते केंद्रात पोचले.

खिडकीमागे गोल चष्म्याच्या बाई होत्या. सावधानरावांचं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग संगणकात डोकावल्या.

"साहेब, रिफंड अडकतो तो ठरलेल्या कारणांनी. कोणाचा बँक खात्याचा नंबर चुकलेला असतो, कोणाचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, कोणाची जुनी बाकी निघते."

"माझं यातलं काय?"

"काहीच नाही. सगळं अगदी बिनचूक भरलंय."

सावधानरावांनी मागच्या रांगेकडे विजयी नजर टाकली.

"फक्त तुम्ही ते आम्हाला दिलेलंच नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पडताळणी राहिलीय. रिटर्न भरल्यावर, हे मीच भरलंय असं सांगायचं असतं. त्याशिवाय आम्ही ते उघडतसुद्धा नाही. पत्र लिहून पाकिटात घातलंत आणि पाकीट उशीखाली ठेवून दिलंत, असं झालं हे! शेवटी 'आता पडताळणी करा' अशी चौकट आली असेल ना?"

"आली होती," सावधानरावांचा आवाज खाली आला. "मला वाटलं, जाहिरात आहे. मी सावधपणे बंद केली."

रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं.

"पण मग मला कळवायचं नाही का?"

"किती संदेश पाठवले! शेवटी आमच्या एका सहकाऱ्याने फोनही केला. एका बाईंनी उचलला आणि त्याला विचारलं, आईबापांनी हेच संस्कार केले का? तो बिचारा दोन दिवस जेवला नाही!"

बाईंनी नंबर वाचून दाखवला आणि सावधानरावांच्या पायांखालची जमीन सरकली. तो त्यांचाच जुना नंबर होता. नवा फोन घेतला तेव्हा जुना फोन नंबरासकट त्यांनी सासूबाईंना भेट दिला होता. वर दोन तास शिकवणीही घेतली होती: पैशांचा संदेश आला की पुसायचा! कोड आला की कोणालाही सांगायचा नाही! सासूबाईंची उभी हयात टेलिफोनच्या कार्यालयात ऑपरेटर म्हणून गेली होती. नियम एकदा समजला की तो त्या मोडत नसत.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "उशीर झाल्याबद्दल माफीचा अर्ज इथेच भरू. त्या नंबरवर आत्ता कोड पाठवते. तो मला सांगा, पडताळणी होऊन जाईल. मात्र कोड थोडाच वेळ चालतो हं!"

सावधानरावांनी फोन लावला. केंद्रात गोंगाट होता, म्हणून स्पीकर सुरू केला. तिथेच चुकलं!

"आई, मी बोलतोय! तुमच्या फोनवर आत्ता एक कोड आला असेल, तो सांगा बरं पटकन!"

पलीकडून सासूबाईंचा करडा आवाज आला, "कोण बोलतंय?"

"अहो, मी! तुमचा जावई!"

"आवाज तर हुबेहूब आहे."

"मग?"

"म्हणजे नक्कीच भामटा! हल्ली आवाजाची नक्कल करतात. जितका हुबेहूब, तितका धोका जास्त. आमच्या जावईबापूंनी मला सगळं शिकवलंय!"

रांग आता खिडकीभोवती गोळा झाली होती. एका आजोबांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणाल्या?" त्यांना कोणीतरी सगळं पुन्हा सांगितलं.

"आई, घाई आहे हो!"

"भामटे घाईच करतात!"

"तुमच्या मुलीच्या दुकानाचा प्रश्न आहे!"

"आणि घरच्यांच्या नावाने गळाही काढतात. बरं, खरे जावई असाल तर सांगा, माझा वाढदिवस कधी असतो?"

सावधानरावांनी अंदाजाने एक तारीख सांगितली. चूक! दुसरी सांगितली. तीही चूक! रांगेतल्या लोकांनी आपापल्या सासवांच्या तारखा सुचवून पाहिल्या. शेवटी ते हताश होऊन म्हणाले, "नाही हो आठवत, आई. खरंच नाही आठवत!"

"अगंबाई! जावईबापू, तुम्हीच की!"

"कसं ओळखलंत?"

"भामट्यांकडे सगळी माहिती असते, असं तुम्हीच सांगितलं होतंत. एवढं अज्ञान फक्त आमच्या जावयाचं!"

अख्खं केंद्र हसलं. सावधानरावही कानकोंडे होऊन हसले. "मग आता सांगा कोड!"

"छे! कोणालाही नाही म्हणजे कोणालाही नाही. शिवाय तो मी केव्हाच पुसला. मीच येते तिथे."

आणि त्या खरंच आल्या! बस पकडून, फोन पदराखाली दडवून, हाशहुश करत. आधी त्यांनी चष्म्याच्या बाईंचं ओळखपत्र मागितलं, ते दोन्ही बाजूंनी वाचलं, मगच नवा कोड येऊ दिला. तो त्यांनी तोंडाने उच्चारला नाहीच. स्वतः बोटाने एकेक आकडा दाबला. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि रांगेने टाळ्या वाजवल्या.

"झालं! पण पैसे यायला अजून काही आठवडे जातील," बाई म्हणाल्या.

सावधानरावांचा चेहरा उतरला. काही आठवडे! आणि चावी तर आजच जाणार होती.

दोघं बसने घरी निघाले. इतकी वर्षं बायको जेवायच्या टेबलावर वाकून शिवत होती, आणि तिची एकुलती एक संधी आपण जाहिरात समजून बंद केली! त्यांना मनापासून वाईट वाटलं. "आई, चूक माझीच," ते म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

घरी दार नुसतं लोटलेलं होतं. आत बायको नव्हती. मशीनही नव्हतं! जेवायचं टेबल मोकळं पाहून सासूबाई किंचाळल्या, "बघा! एक कोड दिला आणि घर साफ झालं!"

दोघं धावत खाली गेले. गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत कुलपांच्या रिकाम्या फळ्या, आणि मधोमध मशीन! बायको तोंडात टाचण्या धरून एका पँटला टीप मारत होती. कुलूपवाले काका खुर्चीत बसून आपल्याच कोटाच्या अस्तराची वाट बघत होते.

"अगं, हे कसं? अनामत?"

तिने टाचण्या काढल्या. "काकांना विचारलं, हप्त्यांनी दिली तर चालेल का? ते म्हणाले, आधी का नाही विचारलंस? चावी दिली, मशीन खाली आणायला माणूसही दिला."

"आणि तो कव्हरवाला?"

"तो गेला. तुमचा रिफंड आला की उरलेले हप्ते फिटतील आणि वाचेल त्यात दुसरं मशीनही येईल. येणार ना?"

"येणार! आईंनी स्वतः बटण दाबलंय!" सावधानराव अक्षरशः उजळले. मग अंमळ चाचरत त्यांनी विचारलं, "पण तू काकांना विचारलंस कधी?"

"सकाळी. तुम्ही बूट घालत होतात ना, तेव्हा."

पाच महिने जे आपल्याला सुचलं नाही, ते हिने बुटाच्या नाड्या बांधायच्या वेळात उरकलं! फरशी नुकतीच पुसलेली होती, म्हणून सावधानरावांनी बूट काढले आणि काहीतरी मदत करावी म्हणून मोठ्या उत्साहाने मशीनकडे निघाले.

"अहो, टाचण्या सांडल्यात, सावधान!" बायको ओरडली.

पण सूचना पोचायला जरा उशीरच झाला.