सहा-दोन, चार-चार

संगीतकार व्हायचं मी एका मंगळवारी ठरवलं, ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावर. मोठे निर्णय मला नेहमी भरल्या पोटीच सुचतात. (उपाशीपोटी सुचतात ते राजीनाम्याचे. ते मी कुणाला सांगत नाही.)

त्याचं असं झालं, की आमच्या ऑफिसातल्या अनंतने हौसेने घेतलेला घरगुती कॉम्प्युटर त्याला महिन्याभरात नकोसा झाला आणि तो माझ्या घरी आला. सत्त्याऐंशी साल होतं. कॉम्प्युटर हा शब्द बिबवेवाडीत तेव्हा आदराने उच्चारला जायचा. आमचा कॉम्प्युटर मात्र बिस्किटांच्या चपट्या डब्याएवढा, वर रबराची बटणं. पडदा म्हणून तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि त्यात भरलेलं सगळं साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवायचं. त्याला गणितंबिणितं येत असतील, मी विचारली नाहीत. मला त्याची एकच गोष्ट आवडली. दोन आकडे दिले की तो एक सूर काढायचा. पहिला आकडा म्हणजे सूर किती वेळ वाजायचा, दुसरा म्हणजे किती उंच वाजायचा. असे दोन-दोन आकडे ओळीने देत गेलं की झाली धून तयार.

आता आकडेच लिहायचे म्हटल्यावर मला अडवणार कोण? बावीस वर्षं मी सरकारी कचेरीत दुसरं केलंय काय! शिवाय आकडे लिहायला कॉम्प्युटर लागत नाही. मी ऑफिसात बसून, खाकी कव्हर घातलेल्या एका शंभरपानी वहीत, तीन आठवड्यांत अख्खी धून लिहून काढली. एकदाही न ऐकता. थोर माणसांना ती मनातच ऐकू येते असं म्हणतात. मला काही ऐकू येत नव्हतं, पण आत्मविश्वास दांडगा होता.

घरी शनिवारी मी नुसते सुटे सूर काढून बघायचो. तिथे मात्र वेगळंच शिजत होतं.

"अहो, तुमच्या त्या टूं-टूंपायी तीन शनिवार मी टीव्हीवरचा पिक्चर पाहिलेला नाही," प्रेमला म्हणाली. प्रेमला म्हणजे आमची ही. तिच्या हातात नेहमीप्रमाणे लोकर आणि सुया होत्या. सोसायटीत तिच्यासारखा स्वेटर कुणी विणत नाही, आणि हे ती स्वतः सांगत नाही, बाकीच्या बायका सांगतात. "हिंदुरावशी बोलले मी. त्याच्या टायपिंग क्लासात पोरांना दाखवायला हे डबडं हवंय त्याला."

हिंदुराव हा माझा मेहुणा. विश्रांतवाडीला त्याचा क्लास आहे. माझ्या घरातली वस्तू त्याला आवडली नाही, असं लग्नापासून एकदाही झालेलं नाही.

"अगं, रविवारी आमच्या हौशी संगणक मंडळात माझी धून वाजायचीय," मी म्हटलं. "सगळ्यात चांगली ठरेल ती कॅसेटवर भरून गावोगावच्या हौशी लोकांना पोस्टाने जाणार. सांगलीपासून नागपूरपर्यंत माझं नाव होईल."

"मग असं करू. तिथे चार शहाण्या माणसांनी चांगलं म्हटलं, तर राहू दे घरात. नाहीतर सोमवारी सकाळी हिंदुराव रिक्षा घेऊन येईल. मी स्वतः येते ऐकायला."

"चारच?" मी हसलो.

"शहाणी हवीत," ती म्हणाली.

पुण्यात शहाण्यांना काय तोटा! मी पैज घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी प्रेमला मंडईत गेली होती, तेव्हा मी युसूफभाईंना बोलावलं. त्यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आमच्या इमारतीखालीच आहे. कॅसेटवर धून नीट उतरवायला जाणता माणूस हवा होता, आणि त्याहून जास्त म्हणजे आकडे वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. (त्या रबरी बटणांवर एकेका बटणाला चार-चार कामं. नजर हलली की संपलं.) युसूफभाईंनी कपाटावरची खाकी वही काढली आणि उघडली.

"वा साहेब, अक्षर काय सुंदर आहे तुमचं!"

"कारकुनी अक्षर, युसूफभाई. सरावाने येतं," मी बटणांवरची नजर न काढता म्हटलं. "फक्त आकडे वाचा. मधेमधे शब्द असतील ते सोडून द्या, ते माझे विचार आहेत."

"सहा, दोन. चार, चार. दोन, सहा. चार, चार," युसूफभाई वाचायला लागले. "पुढे लिहिलंय, पुन्हा पहिल्यापासून."

असं मी लिहिल्याचं मला आठवेना. पण सुचलेलं सगळंच कुठे आठवतं?

"मग वाचा पुन्हा पहिल्यापासून."

तासाभराने आम्ही धून लावली. खालचा सूर लांब, त्यावरचा जरा आखूड, त्याहून वरचा चुटकीसरशी, आणि पुन्हा अलगद खाली. मग तेच पुन्हा, मग मधेच एक वळण, आणि परत घरी. काय सांगू तुम्हाला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपण बरं लिहिलंय हे ठाऊक होतं, पण इतकं? युसूफभाई खुर्चीच्या हातावर ताल धरून बसले होते. "साहेब, तुम्ही नोकरीत वाया गेलात," ते म्हणाले. हे मत मी गेली वीस वर्षं बाळगून होतो. पहिल्यांदाच ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

रविवारी आम्ही निघणार एवढ्यात दारात विजयमाला वहिनी. त्या खालच्या मजल्यावर राहतात, शाळेत शिक्षिका आहेत, आणि हिची नि त्यांची दहा वर्षांची मैत्री. त्या दिवशी मात्र चेहरा असा, की मीच चार धडे न करता आलोय.

"प्रेमला, नवी वीण द्यायची नव्हती तर तोंडावर सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "वहीत भलतंसलतं लिहून देण्याचं काय कारण? चार दिवस डोळे फोडले मी."

"भलतं? अगं, माझ्या हाताने उतरवून ठेवली होती. वर परवा तूच म्हणालीस, अक्षर कसलं हे."

"तेच तर. घाईघाईने खरडलेलं. मला वाटलं, नव्या फॅशनची वीण असेल, डोळे मिटून आकड्यांप्रमाणे जावं. हे बघ काय झालंय." त्यांनी एक खाकी वही आणि लोकरीचं एक बोचकं हिच्या हातात कोंबलं आणि तरातरा जिना उतरून गेल्या.

हिचे डोळे भरून आले. दहा वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणी लबाड म्हटलं होतं. मी समजूत घालणारच होतो, पण बसची वेळ झाली होती. "आल्यावर बघू," मी म्हटलं. तिने ते सगळं न बघताच पिशवीत टाकलं. (मीही बघितलं नाही. माझ्या डोक्यात सांगली-नागपूर चाललं होतं.)

मंडळाची सभा टिळक रस्त्यावरच्या एका क्लासच्या हॉलमध्ये भरते. वीसेक माणसं, एक टीव्ही, आणि अध्यक्ष आप्पासाहेब. हे निवृत्त इंजिनिअर. त्यांनी आजवर कुणाची स्तुती केल्याची नोंद नाही. माझ्या आधी एकाने धून वाजवली, तर आप्पासाहेब म्हणाले, "दुरुस्तीला केव्हा टाकताय?"

माझी कॅसेट लावली. कॉम्प्युटरने ती पाच मिनिटं किंचाळून पोटात घेतली आणि मग धून सुरू झाली. मागच्या रांगेत एकाचं बोट हललं, मग दुसऱ्याचा पाय. संपल्यावर आप्पासाहेब खुर्ची टीव्हीजवळ सरकवून बसले.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा संपल्यावर ते म्हणाले, "चांगली आहे." हॉलमध्ये लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाकीचेही चांगली, उत्तम, असं म्हणायला लागले. मी मोजत होतो. चार कधीच ओलांडले, अकरावर गेलो. मी हिच्याकडे वळून नुसती भुवई उडवली. तिनेही मान हलवली. माझ्यावर तिने खूश होण्याला बरीच वर्षं झाली होती, म्हणून सांगतो, फार बरं वाटलं.

"ही कॅसेट पाठवू," आप्पासाहेब म्हणाले. "वही आणलीय ना? ज्यांच्याकडे टेप नाही ते आकडे उतरवून घेतील."

मी ऐटीत वही दिली. त्यांनी चष्मा लावला, पानं चाळली आणि शेवटच्या पानावर थांबले.

"जयसिंगराव, हे 'बगलेपाशी दोन-दोन कमी करत जावे' म्हणजे काय?"

"ते... ते हळूहळू आवाज उतरवण्याबद्दल आहे," मी म्हणालो.

"असं. आणि 'गळा रुंद हवा असल्यास आठ टाके मिटवावेत'?"

"गाताना गळा मोकळा हवाच, आप्पासाहेब."

"ही धून वाजवायची आहे. गायची नाही."

"पुढेमागे कुणी गायलीच तर."

"बरं. मग 'डावी बाही, उजवीप्रमाणेच'. हे सांगा."

मी माझी डावी बाही चाचपली. तेवढ्यात ही उठून पुढे आली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "अहो, ही माझी वही. विजयमालासाठी लिहिलेली. सहा सुलट, दोन उलट, चार सुलट, चार उलट." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. तिने पिशवीतून दुसरी खाकी वही काढली, उघडली, आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी टीव्हीच्या मागे कुठे जागा आहे का ते पाहिलं.

"म्हणजे मी कपाटावरून चुकून ही वही दिली, आणि त्या बिचारीने यांची धून विणली," ती म्हणाली.

मी अजिबात डगमगलो नाही. "ही तर संधी आहे, आप्पासाहेब," मी म्हटलं. "वहिनींच्या... म्हणजे हिच्या विणीची धून जर इतकी चांगली, तर मुद्दाम धून म्हणून लिहिलेली किती चांगली असेल! माझी वही इथेच आहे. तासाभरात भरून वाजवू."

आप्पासाहेबांनी हात पुढे केला. मी वही देणार, तर ते म्हणाले, "ती नको. ते लोकरीचं द्या."

हिने ते बोचकं उलगडून धरलं. एकीकडे भोपळा, दुसरीकडे काकडी. मधेच भलामोठा फुगवटा, मग अचानक काहीच नाही, आणि जिथे मला तीन आठवड्यांपूर्वी धुनेचा कळस साधल्यासारखं वाटलं होतं, तिथे एक भोक. आप्पासाहेबांनी ते शांतपणे दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"विणून पाहिलीय," ते म्हणाले. "वाजवायची गरज नाही."

घरी येताच ही आधी खालच्या मजल्यावर गेली. पाऊण तासाने दोघींच्या हसण्याचा आवाज जिन्यातून वर आला. विजयमाला वहिनींनी तिला जवळ घेतलं म्हणे. मला फक्त चहाला बोलावलं नाही.

सोमवारी सकाळी हिंदुराव रिक्षा घेऊन हजर. तो डबा उचलणार तेवढ्यात ही म्हणाली, "ठेव खाली. अकरा शहाण्यांनी चांगलं म्हटलंय." बघा, पैज मीच जिंकलो. कॉम्प्युटर घरातच राहिला. आता त्याच्यासमोर ही बसते, विजयमाला वहिनी आकडे वाचतात, आणि मी लोकर गुंडाळतो. टीव्हीवरचा पिक्चर मला तीन शनिवार दिसलेला नाही.

परवा मंडळाचं कार्ड आलं. आप्पासाहेबांच्या हातचं, सौ. प्रेमलाताईंच्या नावाने. 'आपली धून सर्वत्र आवडली आहे. पुढील सभेस नवीन धुनेसह अवश्य यावे. सोबत यजमान आले तरी चालतील. त्यांनी वही आणू नये.'