तळव्याखालची काळी जमीन

शेजारच्या नानांकडे मी पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा कपबशी हातात देण्याआधी त्यांनी अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, उजेडाकडे माझं तोंड फिरवलं आणि निकाल दिला, "धागा लांब आहे. कचरा फार."

मी घाबरून अक्कांकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, पाहिलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "चहा पी माय. त्याले कापूस दिसस बठ्ठीकडे."

नानांना सगळीकडे कापूसच दिसे, कारण त्यांचा सगळा जन्म जिनिंगच्या कारखान्यात कापसाचे ग्रेडर म्हणून गेला होता. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब, कचरा किती, ते बोलून टाकायचं. निवृत्तीनंतर कापूस येईना, तेव्हा त्यांनी डोळे तपासायला घेतले. पोस्टमनचा डोळा, दूधवाल्याचा डोळा, गल्लीत मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांचा डोळा. कचरा सगळ्यांच्याच डोळ्यांत फार निघे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही जळगावला हायवेजवळच्या एका कॉलनीत नवीनच राहायला आलो होतो. मी तिशीला टेकलेली, पण मनानं अजून विशीतच मुक्कामाला. मला चष्मा होता आणि तो तुरीच्या डाळीच्या डब्यात राहायचा. चष्म्याशिवाय मी फार सुंदर दिसते, असं माझं मत होतं. ते पडताळून पाहायची सोय नव्हती, कारण चष्म्याशिवाय मला आरसा नीट दिसत नसे. एकदा खुंटीवर टांगलेल्या सासऱ्यांच्या कोटाला मी पदर सावरून वाकून नमस्कार केला होता. कोटानं आशीर्वाद दिला नाही म्हणून दिवसभर रुसलेही होते. आता नाती मला विचारतात, आजी, तू लहानपणी हुशार होतीस का? मी विषय बदलते.

तर अक्का. त्यांची नजर कडेकडेनं जात चालली होती. समोरचा माणूस दिसे, बाजूची पायरी दिसत नसे. शिरपूरकडच्या माहेरी लहानपणी त्या धान्याच्या कणगीत अडकल्या होत्या, तेव्हापासून अंधाराची त्यांना विलक्षण भीती. संध्याकाळी लाइट गेली की शेजारच्या घरातून त्यांची हाक यायची, "नाना, कुठे शे तुम्ही?" आणि ती हाक कंदील लागेपर्यंत थांबत नसे. नाना त्यांना धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर काय म्हणाले ते कॉलनीत कोणालाच कळलं नाही. येताना धुळ्याच्या स्टँडवरून नानांनी एक हिंदी पुस्तिका आणली, मुखपृष्ठ फाटलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून गच्चीवर वर्ग. डोळे धुऊन या. चष्मे घरी ठेवा."

अक्कांचे डोळे वाचवायचे म्हणून हा खटाटोप, हे सगळ्यांना कळत होतं. एकट्या अक्का संकोचतील म्हणून गल्ली गोळा केली, हेही. मी मात्र गेले ती माझ्या सौंदर्यासाठी.

पुस्तिकेत चिनी कसरती होत्या. नाव नानांच्या तोंडात बसेना, म्हणून ते नुसतं 'चिनी' म्हणत. "मंदा, चिनी झालं का?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. चिनी म्हणजे गुडघे किंचित वाकवून, हात पुढे गोल धरून, मिठीत मोठा रांजण असल्यासारखं उभं राहायचं. हलायचं नाही. नाना रांगेतून फिरत. "केळीसारखी उभी राहा. केळ कुठे धावते का? जागेवर उभी राहते, तरी घड देते." माझ्या पोटऱ्या थरथरत. अक्का डोळे मिटून हसत उभ्या असत, आणि खालच्या रस्त्यावरून जाणारे लोक मान वर करून, एवढ्या बायका गच्चीवर कोणाला मिठी मारताहेत ते बघत.

मग कोवळ्या उन्हात मिटल्या पापण्या शेकायच्या. ही पुस्तिका कुठल्या तरी थंड देशातल्या माणसानं लिहिलेली असणार. चैत्रात जळगावचं ऊन सकाळीच तव्यावर पाय ठेवल्यासारखं. तिसऱ्या दिवशी माझ्या पापण्या वांग्याच्या भरतासारख्या झाल्या. नानांनी ऊन रद्द केलं आणि म्हणाले, "पुस्तक बरोबर आहे. ऊन चुकलं."

हे त्यांचं ठरलेलं. चूक कधी पुस्तकाची नसे.

शेवटी यायचा तो तळवे ठेवायचा प्रकार, आणि त्यासाठीच मी रोज जात असे, हे आता सांगायला हरकत नाही. तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे आणि वाटीसारखे मिटल्या डोळ्यांवर ठेवायचे. आत जितकं काळं दिसेल तितका डोळा विसावला, असं पुस्तिका म्हणे. नाना हळू आवाजात बोलत राहत. "काळं बघा. काजळाचं नाही, कोळशाचं नाही. नांगरून ठेवलेल्या जमिनीचं काळं. ओल आहे. ढेकळं फुटलीत. लांबपर्यंत काहीच नाही. आता तिच्यावर चाला." हायवेवरच्या ट्रकचे आवाज दूर जात. तळव्यांना कालच्या लसणाचा वास येई. आणि खरंच, त्या काळ्यावरून मी चालू लागे. पायाखाली ढेकूळ विरघळल्यासारखं वाटे, वारा लागे, कुठे जायचं आहे हे आठवत नसे.

"काय दिसलं?" नाना विचारत.

"साड्यांचं दुकान," मी एकदा खरं सांगितलं.

"कचरा," नाना म्हणाले.

एक गोष्ट मला खटके. आम्ही सगळ्या आपापले तळवे आपापल्या डोळ्यांवर ठेवायचो. अक्कांच्या डोळ्यांवर मात्र नाना मागे उभे राहून स्वतःचे तळवे ठेवत. मला वाटे, हा शिक्षकाचा पक्षपात. मी तर वर्गातली हुशार विद्यार्थिनी.

हुशार कशी, तर गच्चीवरून हायवेवरच्या एसटीची पाटी वाचायची परीक्षा असे आणि मी ती रोज पास होई. साडेसातची शिरपूर, मग नशिराबाद, मग अमळनेर. गाड्या ठरल्या वेळी जात, मला वेळा पाठ झाल्या होत्या, आणि मला प्रामाणिकपणे वाटत होतं की मी वाचतेच आहे. नानांनी सगळ्यांसमोर माझा चष्मा उतरल्याचं जाहीर केलं. मी त्याच आठवड्यात चष्म्याशिवाय माहेरी अमळनेरला निघाले. स्टँडवर अमळनेरच्या वेळेला आलेल्या गाडीत ऐटीत चढले, खिडकीशी बसले, डोळे मिटून काळी जमीन बघत राहिले. डोळे उघडले तेव्हा नशिराबाद होतं. त्या दिवशी गाड्या उशिरा सुटत होत्या.

परत येऊन तडक नानांकडे गेले. अक्का आत भाजी निवडत होत्या. मी तणतणले, "नाना, तुमची विद्या खोटी. मी उलट्या दिशेला गेले."

"डोळे बरोबर आहेत," नाना सवयीनं म्हणाले. "गाडी..." आणि मध्येच थांबले. मग आवाज उतरवून म्हणाले, "चष्मा घाल मंदा. उद्यापासून घाल."

"आणि अक्कांचं?"

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "धुळ्याच्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं. गेलेलं येत नाही, राहिलेलंही जाणार. औषधानं जरा हळू जाईल, इतकंच."

"मग रोज हे कशाला?"

नाना दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होते. ते त्यांना कळतही नसावं. "तिला अंधाराचं भ्या वाटतं. एकदम आला तर ती कशी राहील? म्हणून रोज थोडा थोडा दाखवतो. उबदार करून."

दुसऱ्या दिवशी मी चष्मा घालून वर्गाला गेले. नानांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्या हिवाळ्यात वर्गाचा क्रम बदलला. तळव्यांच्या आधी अक्कांनी लांबचं बघायचं. हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायची. नाना अक्कांची मान हळूच त्या बाजूला वळवत. "बघ. तुझं माहेर त्याच्या पायथ्याला." अक्का खूप वेळ बघत. मग केळीचे ट्रक, समोरचा कडुलिंब, आमचे चेहरे, एकेक करून. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चष्म्यात चांगली दिसस वं तू." इतकी वर्षं मी ज्या प्रश्नावर अडले होते तो त्यांनी असा जाता जाता सोडवला. आणि मग नाना तळवे घासत.

पुढे काही वर्षांनी अक्कांना दिसेनासं झालं. वर्ग केव्हाच मोडला होता, बायकांच्या नवऱ्यांच्या बदल्या झाल्या, मुलं मोठी झाली. नाना थकले होते. त्यांनाही बारीक दिसत नसे, पण पापणी ओढायची सवय गेली नव्हती.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे कढी घेऊन शिरतच होते आणि लाइट गेली. मी स्टुलाला धडकले, कढीचं पातेलं सांडता सांडता वाचलं. अक्कांची हाक येईल म्हणून मी थांबले. हाक आली, पण ती नानांची. "अक्का, कुठे आहेस?" आवाज कापत होता.

अक्का सरळ चालत आल्या, स्टूल चुकवून, मलाही चुकवून. खिडकीतून उरलासुरला उजेड येत होता, तेवढ्यात मला दिसलं. त्या नानांच्या मागे उभ्या राहिल्या, तळवे घासले, आणि त्यांच्या डोळ्यांवर ठेवले.

"भ्यावानं काय शे त्यामा?" त्या म्हणाल्या. "नांगरेल जमीन शे. चाला तिच्यावर. मी शे ना पुढे."

मग नाना म्हणाले, "कापूस फुटलाय का गं?"

"हा, फुटना ना," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा पांढरा. कचरा नही."

मी कढीचं पातेलं हळूच ओट्यावर ठेवलं, चष्मा काढून हातात घेतला, आणि भिंतीला हात लावत लावत घरी आले.