सदूमामाची पाठ

रेडिओवर 'परदेशी सहकार्य' हे शब्द आले की सदूमामा उठायचा, माझा रेडिओ उचलायचा आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचा. पुढच्या बातम्या भिंत ऐकायची. रिसोडच्या एसटी स्टँडजवळ माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लोक घड्याळापेक्षा रेडिओसाठीच जास्त यायचे आणि हा माणूस त्यालाच पाठमोरा करायचा!

"वाटे करनाऱ्यानं पाठ फिरवून बसा लागते," तो मला बजावायचा. "मोठा ढीग पाहून वाटा करशीन, तं तू चोर!"

हा कायदा तळ्यावरचा. सदूमामा भोई. उन्हाळ्यात गावाबाहेरचं तळं आटत आलं की सगळे भोई मिळून जाळं ओढत. जितकी माणसं, तितके माशांचे ढीग काठावर लागत. सदूमामा ढिगांकडे पाठ करून बसे. कुणीतरी एका ढिगाला काठी लावून विचारी, "हा कोनाचा?" सदूमामा न बघता नाव घेई. ज्याचं नाव, त्याचा ढीग. जो जाळं ओढायला आला नाही, त्याचं नाव निघायचं नाही. एकदा सख्खा धाकटा भाऊ नामा तापानं घरी पडला होता. त्याचंही नाव निघालं नाही. मामानं संध्याकाळी आपल्या वाट्यातले मासे त्याच्या घरी नेऊन दिले, ती गोष्ट वेगळी.

असल्या माणसाचा एकुलता एक पोरगा, सुखदेव, कुठं नोकरीला लागावा? सत्तरनंतरच्या त्या वर्षांत किनाऱ्यावर भागीदारीच्या कंपन्या निघाल्या होत्या. बोटी परदेशी, समुद्र आपला, नफा दोघांचा. अशाच एका बोटीवर तो लागला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा बापानं विचारलं, "वाटे कोन करते?"

"त्यायचा सायेब. झिंगे तेवढे बर्फात घालून परदेशात धाडते. बाकीचे मासे मेले की फावड्यानं समुद्रात."

"फेकून देते?"

"हो बाबा."

सदूमामा भरल्या ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी बाजारात एका पुढाऱ्याची सभा होती. परदेशी भागीदारीनं देश कसा पुढे चालला आहे हे तो रंगवून सांगत होता. मामा गर्दीतून थेट पुढे गेला.

"सायेब, वाटे करताना तुमी पाठ फिरवली होती काय?"

पुढाऱ्यानं दचकून स्वतःच्या पाठीला हात लावून पाहिला. सभा हसून लोळली. मामाला दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं. मला आजही त्या हसण्याची चीड येते. सबंध बाजारात मुद्द्याचा प्रश्न एकट्यानं विचारला होता आणि बाहेरही त्यालाच काढलं.

सुखदेवनं जाताना शब्द दिला होता, पुढच्या उन्हाळ्यात तळं ओढायला येतो. उन्हाळा लागला. मामा रोज दुपारी दुकानात येऊन बसू लागला. "रेडिओ आयकाले आलो," म्हणायचा, पण नजर येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या दारावर. शेवटी शेजारच्या रिठद गावचा एक पोरगा उतरला, त्याच बोटीवरचा. तो म्हणाला, सुखदेवला सुट्टी नाही. झिंग्यांचा हंगाम आहे, परदेशी मालक बोट थांबवू देत नाही.

मामा ताडकन उठला. रेडिओ बंद होता, तरी त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

"मासे नेले ते नेले," तो ओरडला. "माह्या पोरालेबी वाट्यात घेतलं काय?"

तळं ओढलं त्या दिवशी मी मुद्दाम दुकान बंद ठेवून गेलो. काठी एकेका ढिगाला लागत होती, मामा पाठमोरा बसून नावं घेत होता. सगळ्यांची नावं झाली. शेवटचा एक ढीग उरला, तो अर्थातच त्याचा स्वतःचा. काठी नामाच्या हातात होती. त्यानं रिवाज म्हणून विचारलं, "हा कोनाचा?"

मामा गावाकडच्या वाटेकडे बघत राहिला. नामानं पुन्हा विचारलं.

"सुखदेवचा."

भोई एकमेकांकडे बघू लागले. न आलेल्या माणसाचं नाव त्या तळ्यावर कधी निघालं नव्हतं.

"दादा," नामा हळूच म्हणाला, "अन् तुहा?"

"मले काय करा लागते," मामा तसाच पाठमोरा म्हणाला. "खानारा तिकडं हाय."

मग तो उठला, गुडघाभर पाण्यात गेला आणि तोंड धूत राहिला, बराच वेळ.