दोन दोरांचा झुला

रंगारी दाजी आणि त्यांचा मेहुणा चौथ्या मजल्याच्या भिंतीला रंग देत झुल्यावर बसले होते, आणि दाजींना भलत्याच घाईची लघवी लागली होती. झुला म्हणजे दोन दोरांना टांगलेली फळी. एकाने "सोड" म्हणायचं आणि दोघांनी आपापला दोर बरोबरीने सैल करायचा. एकट्यानेच सोडला तर फळीची घसरगुंडी होते.

"सोड," दाजी म्हणाले.

मेहुण्याचा दोर हलला नाही. सकाळपासून दोघांत निवडणुकीवरून जुंपली होती, आणि दाजींनी नुकतंच त्याच्या नेत्याला कणा नसलेला म्हटलं होतं.

"आधी शब्द मागे घ्या."

"अरे, मला खाली जायचंय."

"तुमचा पक्ष चाललाच आहे खाली. जा त्याच्यासोबत."

दाजींनी दात आवळले. लोक पक्षासाठी लाठ्या खातात, मग आपल्याला एवढंही धरून ठेवता येऊ नये?

खालून वॉचमनने काय झालं म्हणून विचारलं. मेहुण्याने ओरडून सांगितलं. बघता बघता खाली दोन्ही पक्षांची दोन टोळकी जमली.

"दाजी, मागे हटू नका. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

"पाठीशी राहू द्या, संडास उघडा करून ठेवा," दाजी म्हणाले. पण घोषणांत कोण ऐकतो? दाजींच्या नावाने असा जयजयकार जन्मात झाला नव्हता. फक्त प्रत्येक 'झिंदाबाद' थेट ओटीपोटात जाऊन आदळत होता.

शेवटी दाजी पुटपुटले, "तुझा नेता वाघ आहे."

"मोठ्याने."

"वाघ आहे रे बाबा, वाघ. सोड आता."

झुला सरसर खाली आला. दाजी धावले, तर संडासाच्या दारात त्यांचेच पाठीराखे हात धरून उभे.

"गद्दाराला आत सोडायचं नाही."

दाजींनी आशेने दुसऱ्या टोळक्याकडे पाहिलं.

"आमच्या जुन्यांनाच अजून काही मिळालं नाही," तिकडून उत्तर आलं. "नव्यांनी थांबायचं."

दाजी गुडघे जुळवत परत फळीवर येऊन बसले. मेहुण्याने त्यांचा चेहरा पाहिला.

"ताई मला घरात घेणार नाही," तो म्हणाला आणि त्याने दोर धरला. "ओढा."

झुला इतका सरळ कधीच वर गेला नव्हता. थेट पाचव्या मजल्यापर्यंत.

खाली घोषणा चालूच होत्या. मग त्या एकदम थांबल्या. दोन्ही टोळक्यांनी एकदम वर पाहिलं, एकदम डोक्यावर हात धरले आणि एकाच दिशेने पळ काढला. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

"बरं वाटलं?" मेहुण्याने विचारलं.

"फार." दाजींनी विजार सावरली, ब्रश उचलला. "आता खरं सांगतो. तुझा नेता वाघबिघ काही नाही."

मेहुण्याने हातातल्या दोराकडे पाहिलं.

"दाजी, अजून उतरायचंय."