फादरांचं स्टूल

फादर मॅथ्यूंच्या सायकलच्या कॅरियरला एक लाकडी स्टूल कायम बांधलेलं असे. छत्री, पिशवी, वह्यांचा गठ्ठा हे सगळं हँडलला लटके. कॅरियर फक्त स्टुलाचं. ते स्टूल सुटून एखाद्या अंगणात उतरलं की त्या घरची बाई कपाळाला हात लावी. आज दुपारचं जेवण लांबलं, हे तिला तिथंच कळे.

फादर आमच्या मिशनच्या शाळेत गणित शिकवत, मी मराठी. गाव सिहोऱ्याच्या अलीकडे, चहूकडून भाताची खाचरं, आमच्या भाषेत धानाच्या बांध्या. फादर मूळचे केरळचे. येताना ते चांगलं पुस्तकी मराठी शिकून आले होते. ते सहा महिन्यांत विसरले आणि सखूबाईची बोली बोलायला लागले. सखूबाई म्हणजे मिशनातली स्वयंपाकीण. सकाळच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, बहुतेक दिवस ती एकटीच हजर असे, आणि तीसुद्धा पेंगत असे. मी तासभर घसा फोडून शुद्ध मराठी घोटून घ्यायचो. पुढच्या तासाला फादर येऊन "समजलं का? नाई समजलं तं मले सांग" म्हणायचे, की माझी मेहनत फळ्यावरच्या खडूसारखी पुसली जायची. या माणसाशी माझं कधी पटलं नाही, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

स्टुलाची भानगड अशी. धान लावायचे, रोवणीचे दिवस आले की वर्ग निम्मा व्हायचा, त्यातही मुली आधी गळायच्या. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. नववीतली सुमित्रा चार दिवस दिसली नाही. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या बापानं, दयारामनं, तिला रोवणीला जुंपलं होतं आणि उन्हाळ्यात लग्न उरकायचं ठरवलं होतं. फादर गेले, अंगणात स्टूल ठेवलं आणि बसले.

"या फादर, चहा घ्या," दयाराम म्हणाला.

"घेतो ना. पोट्टी शाळेत गेली का घेतो."

"तिले काम हाये जी."

"असू द्या. मी बसतो. तुमचं चालू द्या."

आता काय चालू देणार? पाहुणा अंगणात उपाशी बसलेला असताना घरात ताटं वाढायची आमच्याकडे रीत नाही. दयारामची म्हातारी आई तर पाण्यालाही शिवेना. फादर मात्र मजेत वह्या तपासत बसलेले. मधूनच शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "नाई, नाई, मले भूक नाई." दयारामनं दोन दिवस तग धरला. तिसऱ्या दिवशी तो ओरडला, "जा व पोरी, जा शाळेत! मले भुकेनं चक्कर येऊन राहिली!"

सुमित्रा मॅट्रिक झाली. लग्न त्यानंतर झालं, कारध्याला. गावात अशी आणखीही घरं होती. मी फादरांना एकदा म्हटलं, "हा सरळसरळ जुलूम आहे."

"मी कोनाचं काय घेऊन राहिलो मास्तर?" ते म्हणाले. "मी तं चहासुदा घेत नाई."

आता मंडईचं सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकी-जावई, मामे-मावश्या सगळे पाहुणे म्हणून येतात. ज्याच्या घरी गर्दी जास्त, त्याची मान ताठ. गावातला माणूस मात्र गावातल्या कुणाचा पाहुणा होत नाही. ज्याला-त्याला आपलंच घर सांभाळायचं असतं.

अशा वेळी बाक, सतरंज्या, मोठी पातेली लागतात, आणि ती मिशनात असतात. सुमित्राच्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, त्या सालीही मी सकाळीच दोन बाक मागायला गेलो. फादर नवा पांढरा झगा घालून व्हरांड्यात उभे. अंगण सारवलेलं, बारा ताटं पुसून ओळीनं मांडलेली, आत कोंबडीचा रस्सा शिजत होता.

"पाहुणे येताहेत वाटतं? कोण?"

"येतीन कोनी ना कोनी," फादर म्हणाले. "मंडई हाये ना."

मी बाक उचलले. फाटकाशी सखूबाई भेटली. ती हळूच म्हणाली, "दरसाली बारा मानसाचं रांधाले लावते, मास्तर. कोनी येत नाई. सांजच्याले सारं ढिवरपुऱ्यात वाटून टाकतो आमी. मंग मले म्हनते, यंदा पाहुन्याले काम पडलं असन."

मी बाक घेऊन घरी आलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला हसूच आलं होतं.

दुपारी मंडईत रेवड्यांच्या दुकानाशी सुमित्रा भेटली. बरोबर नवरा आणि दोन मुलं. बोलता बोलता मी तिला फादरांच्या बारा ताटांची गंमत सांगितली, जरा रंगवूनच. ती हसली नाही. मग तिनं रेवड्यांचा पुडा नवऱ्याच्या हातात दिला आणि पलीकडे बांगड्या भरत बसलेल्या दोन बायांना हाक मारली. त्याही माहेरी आलेल्या, फादरांच्याच वर्गातल्या. सगळं लटांबर मिशनाकडे निघालं. मागून मीही गेलो.

फादर अजून व्हरांड्यातच होते. इतकी माणसं फाटकातून आत येताना पाहून हा माणूस घाबरला. "काय झालं? कोनी बिमार हाये का?"

सुमित्रानं भिंतीला टेकवलेल्या सायकलचं स्टूल सोडलं, अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसली.

"चहा ठेवाले सांगतो," फादर म्हणाले.

"नोका सांगू. मी चहा घेत नाई."

"काहून व?"

"आंदी कबूल करा. दरसाली मंडईचं बोलावनं मले मिशनातून आलं पायजे. बापाच्या घरचं येते, तसंच. कबूल करान तं जेवतो. नाई तं मी बसतो. तुमचं चालू द्या."

फादरांनी चष्मा काढून झग्याच्या बाहीनं पुसला, परत घातला, परत काढला. वर्गात अवघड गणितं चुटकीसरशी सोडवणारा माणूस एवढ्याशा प्रश्नावर अडला होता. शेवटी त्यांनी नुसती मान डोलावली आणि आत तोंड करून ओरडले, "सखूबाई! पाहुने आले व, पाहुने!"

मी तसाच घरी गेलो. माझे साडू बाकावर ऐसपैस बसले होते, त्यांना उठवून सतरंजीवर बसवलं आणि दोन्ही बाक एकावर एक डोक्यावर घेऊन मिशनात परत आलो. पंगत बसायच्या बेतात होती. मी बाक ठेवले, हात धुतले आणि कडेच्या मोकळ्या ताटापाशी मांडी घालणार, तेवढ्यात फादर कडाडले.

"मास्तर, तुमी कायले बसून राहिले? तुमी काय पाहुने हाव? तुमी तं घरचे. घ्या, वाढाले घ्या."

मी भाताचं पातेलं उचललं.